दहा मायक्रोग्रॅम माणूस

परदेशातून आठ महिन्यांनी आलेली प्रथिनाची बाटली मी रिकामी समजून धुतली.

नुसती पाण्याखाली धरली असती तर निदान आशेला जागा होती. मी ती साबणानं घासली, आम्लात बुडवली, नळाखाली खळखळून धुतली, तीनदा डिस्टिल्ड वॉटरनं विसळली आणि ओव्हनमध्ये वाळवून फडताळात मांडली. माझ्या हातून एखादं काम इतकं बिनचूक झाल्याचं दुसरं उदाहरण नाही.

बाहेरच्यांना हे वेडेपण वाटेल, पण आमच्या विभागात ती रीत होती. परभणीला जनावरांच्या रोगांवर काम करणारी आमची छोटी प्रयोगशाळा. तिथं रिकाम्या बाटलीला जी किंमत होती ती भरलेल्या बाटलीला नव्हती. पेनिसिलिनच्या, रबरी बुचाच्या छोट्या बाटल्या गावोगावच्या जनावरांच्या दवाखान्यांतून मागून आणायच्या, धुवायच्या आणि त्यांत रक्ताचे नमुने ठेवायचे. जिंतूरकडं कुणी निघालं की "येताना बाटल्या आण" असं बजावल्याशिवाय त्याला एसटीत चढू देत नसत. पिशवीभर बाटल्या खुळखुळवत परत येणारा माणूस दोन दिवस मानानं वावरायचा. असल्या घरात वाढलेल्या माणसाच्या हातात विलायती काचेची, नव्या कोऱ्या बुचाची बाटली पडली, आणि आत डोळ्यांना काहीच दिसेना, तर तो काय करील?

माझे मार्गदर्शक, म्हणजे आमचे सर, त्या आठवड्यात परीक्षक म्हणून बाहेरगावी गेले होते. काचसामान धुणारे मामाही रजेवर होते. पार्सल माझ्याच हातात आलं. थर्माकोलचा डबा, आत एक घडी घातलेला कागद, ती अंगठ्याएवढी बाटली आणि एक थंडगार, निळ्या लगद्यानं भरलेली जाड पिशवी. चांगली अर्धा किलोची. इतक्या लांबून आलं म्हणजे माल एवढा तरी असणारच, असं म्हणून मी त्या पिशवीवर नाव लिहिलं, खाली 'हात लावू नये' लिहिलं, ती डीप फ्रीझरमध्ये ठेवली आणि किल्ली करदोट्याला बांधली. बाटली त्यांनी वाढून घ्यायला दिली असणार, असा माझा कयास. कागद मी वाचला नाही. बारीक टाइपात होता.

सर आले. फ्रीझर उघडला. पिशवीकडं पाहिलं.

"हा बर्फ आहे रे," सर म्हणाले. "वाटेत माल थंड राहावा म्हणून ठेवतात. बाटली कुठाय?"

"धुतली, सर," मी अभिमानानं सांगितलं.

सर स्टुलावर बसले. स्टूल तिथं होतं हे नशीब.

त्या बाटलीत इंटरल्यूकिन-दोन नावाचं माणसाचं प्रथिन होतं. रोग आला की अंगातल्या पांढऱ्या पेशी एकमेकींना 'वाढा, वाढा' अशी हाक देतात, ती या प्रथिनाच्या मार्फत. तिकडच्या लोकांनी माणसाचा तेवढा एक जनुक उचलून एका जंतूत बसवला होता, आणि तो जंतू गुमान माणसाचं प्रथिन तयार करून देत होता. औषध म्हणून नव्हे, फक्त प्रयोगशाळेत वापरायला. गाईबैलांचं तसलं प्रथिन आम्हाला मिळण्यासारखं नव्हतं. म्हणून माझ्या पदव्युत्तर प्रबंधाचा प्रश्न असा होता, की माणसाची ही हाक आपल्या लालकंधारी वासराच्या पेशींना ऐकू येते का? येत असेल तर लशीची परीक्षा करणं आम्हाला सोपं जाणार होतं. सरांनी आपल्या एका जुन्या ओळखीच्या शास्त्रज्ञाला आठ महिने पत्रं लिहून ते मागवलं होतं. मिळालं होतं दहा मायक्रोग्रॅम. म्हणजे मिलिग्रॅमचा शंभरावा भाग, वाळवून बाटलीच्या तळाला चिकटवलेला. तो डोळ्यांना दिसत नाही. मायक्रोग्रॅम म्हणजे किती, हे मी परीक्षेत लिहून पैकीच्या पैकी गुण घेतले होते.

दुपारच्या चहापर्यंत ही गोष्ट सगळ्या विभागाला कळली. लोक हसले, ते मला मंजूर होतं. मी स्वतःच साभिनय करून दाखवलं असतं. पण हसणं संपल्यावर एकानं कप खाली ठेवत म्हटलं, "यांना कशाला देतात असली कामं?"

'यांना' म्हणजे कुणाला, हे तिथं कुणी विचारलं नाही. नामांतर व्हायचं होतं अजून. एका विद्यापीठाला एक नाव द्यायचं की नाही, यावरून पंधरा वर्षं मराठवाड्यात माणसं एकमेकांची आडनावं ऐकून मग खुर्ची देत होती. मी पालमकडच्या एका बौद्ध वस्तीतला. अठ्ठ्याहत्तरला मी शाळेत होतो. गावोगाव वस्त्या पेटल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा आम्ही सगळे चार दिवस ज्वारीच्या वावरात दडून होतो. तिथंही मी गुण उधळलेच. सगळी वस्ती श्वास रोखून बसलेली असताना मी शिंकलो. बापानं माझं नाक असं आवळलं की ते अजून थोडं डावीकडं आहे. पुढं मी जनावरांचा डॉक्टर झालो, वस्तीतला पहिलाच, तेव्हा म्हाताऱ्यांनी हार घातला आणि एक अट घातली: "आता तू चुकायचं न्हाई. तुझं चुकलं की समद्यांचं चुकलं." जन्मजात धांदरट माणसावर ही अट. ती मी एक दिवसही पाळू शकलो नाही.

माझ्याबरोबर एक सहाध्यायी होता, जिंतूरकडच्या जमीनदाराचा मुलगा, स्वभावानं दिलदार. आदल्या वर्षी त्यानं सूक्ष्मदर्शकाचं भिंग स्लाइडवर दाबून फोडलं होतं. विभागात दोन सूक्ष्मदर्शक, त्यातला चांगला तो. लोक म्हणाले, "पोरगं लय धांदरट हाय." झालं. त्याची चूक त्याच्यापाशी थांबली. माझी चूक मात्र चहाचा कप खाली ठेवेपर्यंत पालमला जाऊन पोचली होती.

तिसऱ्या दिवशी विभागप्रमुखांनी बोलावलं. ते वाईट नव्हते. त्यांनी मला बसायला सांगितलं, चहा मागवला, आणि टाइप केलेला अर्ज पुढं सरकवला. 'विषय बदलून मिळणेबाबत.' मजकूर माझ्या वतीनं होता: सदर विषय माझ्या आवाक्याबाहेरचा असल्याने मला दुसरा विषय देण्यात यावा. खाली सहीला जागा. माझं प्रथिनाचं काम सहाध्यायाकडं जाणार होतं आणि मला मिळणार होतं शेणातली जंतांची अंडी मोजण्याचं काम. अंड्यांबद्दल माझी तक्रार नाही. पुढं आयुष्यभर मी तीच मोजली.

"हे बघ," साहेब म्हणाले, "मी तुम्हा लोकांच्या विरुद्ध अजिबात नाही. तुझ्या भल्यासाठी सांगतोय. झेपेल ते करावं."

मी अर्ज दोनदा वाचला.

"यात एक चूक आहे, सर."

"टायपिंगची?"

"नाही. मी मूर्खपणा केला असं लिहा. मोठ्या अक्षरांत लिहा, पाहिजे तर नोटीस बोर्डावर लावा, आता सही करतो. पण 'आवाक्याबाहेर' यावर सही करणार नाही."

"फरक काय पडतो?"

"मूर्खपणा माझ्या एकट्याचा आहे. आवाका म्हटलं की तुम्ही तो माझ्या मागून येणाऱ्यांचाही धरता."

साहेबांनी चष्मा काढला. "आणि प्रथिन? ते कुठून आणणार?"

"मागवतो."

"काय सांगून?"

"धुतलं म्हणून."

ते हसले. मग हसू आवरून म्हणाले, "संक्रांतीनंतर समिती बसेल. तोवर काही करून दाखवलं नाहीस तर तुझ्या सहीवाचूनही विषय जाईल. कळलं?"

"कळलं," मी म्हणालो, ताठ मानेनं उठलो, वळलो आणि दाराऐवजी कपाट उघडलं. आत जुनी हजेरीपुस्तकं होती. मी ती क्षणभर पाहिली, जसं काही तीच पाहायची होती, आणि कपाट लावून खऱ्या दारानं बाहेर पडलो.

बाहेर सहाध्यायी उभा होता. "हे बघ लेका," तो म्हणाला, "मला तुझा विषय नको. पण साहेबांनी दिलाच तर मला न्हाई म्हणता येणार न्हाई. घरचे चपलेनं मारतील."

"मग मिळूच देणार नाही."

"नको देऊ. पण आता तरी कागद वाचत जा की बाबा."

पत्र लिहायला बसलो तेव्हा सर माझ्या खांद्यावरून डोकावत होते. आमचे सर भले गृहस्थ, पण विभागाची अब्रू त्यांना स्वतःच्या रक्तदाबापेक्षा प्यारी. "धुतली असं लिहू नको रे. वाटेत फुटली असं लिही. पोस्टात कुणाचंही फुटतं."

"सर, मी धुतली ती पोस्टानं फोडली म्हणून सांगू?"

"शास्त्रज्ञ काय म्हणेल?"

"मूर्ख म्हणेल. त्याला माझी जात ठाऊक नाही. म्हणजे नुसता मूर्खच म्हणेल. ऐकून तर बघू कसं वाटतं."

सरांनी कागद आपल्याकडं ओढला. मग त्यांनी माझ्या इंग्रजीतल्या सात चुका दुरुस्त केल्या आणि खाली स्वतःची सही केली. भित्र्या माणसाची ती सही मला त्या दिवशी फार मोठी वाटली. पत्रात मी सगळं लिहिलं होतं, आम्ल, साबण, ओव्हन. निळ्या पिशवीचं मात्र लिहिलं नाही. माणसानं स्वाभिमान कुठंतरी राखावा.

मग वाट पाहणं. मी ठरवलं, बाटली येवो न येवो, बाकी सगळं काम असं पाठ करायचं की झोपेतही हात चुकू नये. लालकंधारी गोऱ्हा विभागाच्या गोठ्यात होता, तांबूस, मोठ्या डोळ्यांचा. त्याच्या मानेच्या शिरेतून रक्त काढायचं, पांढऱ्या पेशी वेगळ्या करायच्या, अबईच्या बियांतून काढलेल्या एका द्रव्यानं त्यांना जाग आणायची, आणि खळग्यांच्या थाळीत मांडायच्या. या पेशींना वाढताना थोडा कार्बन डायऑक्साइड लागतो. त्याचं यंत्र आमच्याकडं नव्हतं. मग काचेच्या मोठ्या भांड्यात थाळी ठेवायची, शेजारी मेणबत्ती पेटवायची आणि झाकण घट्ट लावायचं. हवा पुरेनाशी झाली की ज्योत विझते आणि पेशींना हवं तसं वातावरण आत उरतं.

पहिल्यांदा ते भांडं लावलं तेव्हा मामा दारात उभे होते. मामा पोखर्णीचे, घरची थोडी शेती, विभागात वीस वर्षं काचसामान धुणारे. बाकीच्यांना ते 'डाक्टरसायब' म्हणत. मला 'ओ डाक्टर'.

"ओ डाक्टर, हितं बी बुद्धवंदना चालू केलाव का?"

"वंदनाच आहे मामा. पेशींची."

"आन् झाकण कामून लावलाव? इजली की ती."

"विझायलाच पाहिजे."

"तुमचं समदंच उलटं," मामा म्हणाले आणि गेले. पण दुसऱ्या दिवशी मेणबत्तीचा नवा पुडा त्यांनीच आणून टेबलावर ठेवला होता. पहिल्या तीन थाळ्यांना बुरशी लागली. चौथ्या वेळी मी झाकण लावलं आणि मेणबत्ती पेटवायलाच विसरलो. सहावी थाळी नीट निघाली. सातवीही. नोव्हेंबर गेला, डिसेंबर गेला. पोस्टमन दिसला की मी त्याच्याकडं असं पाहायचो की तो बिचारा सायकल पलीकडून काढायचा. समितीच्या बैठकीची नोटीस बोर्डावर लागली. माझ्या विषयापुढं पेन्सिलीनं बारीक प्रश्नचिन्ह होतं. ते मी खोडलं नाही. शाईनं गिरवून ठळक केलं आणि खाली सही केली. या पराक्रमाबद्दल सरांनी मला अर्धा तास झापलं.

संक्रांतीला आठ दिवस उरले असताना थर्माकोलचा डबा आला. या वेळी कागद मी आधी वाचला. उभ्यानं, मोठ्यानं, सगळ्यांसमोर. वरच्या ओळीत शास्त्रज्ञानं हातानं लिहिलं होतं, की ही बाटली रिकामी नाही. खाली लिहिलं होतं, की त्याच्याकडच्या एका विद्यार्थ्यानंही एकदा असंच केलं होतं, तो आता प्राध्यापक आहे, तेव्हा धीर सोडू नये. बस. ना ताशेरा, ना उपदेश. माझी चूक समुद्र ओलांडून गेली आणि तिथं ती नुसती एका विद्यार्थ्याची चूक झाली. मला तो कागद दुसऱ्यांदा वाचता येईना. डोळ्यांत काहीतरी गेलं असं मी सांगितलं. आम्लाच्या वाफा असतील, असं सर म्हणाले. आम्ल त्या दिवशी कुणी काढलंच नव्हतं.

मामांनी बाटली उजेडात धरली, वाकडीतिकडी करून पाहिली.

"हे मानसाचं हाय म्हनं?"

"हो."

"कोन्त्या मानसाचं?"

"लेबलावर एवढंच लिहिलंय, मानवी. पुढं काही नाही."

मामांनी मान डोलावली. "बरं झालं. न्हाई तर आदी गोऱ्ह्याला इचारावं लागलं असतं, चालतंय का म्हनून."

सगळ्यात मोठ्यानं सर हसले. त्यांना तसं हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

माल तळाला बसावा म्हणून मी बाटली सेंट्रिफ्यूज यंत्रात फिरवली, तीत हळूच अर्धा मिलिलिटर निर्जंतुक पाणी सोडलं, हलवली नाही, पाव तास नुसता पाहत उभा राहिलो. हातांना सात थाळ्यांची सवय होती, ते आपापलं काम करत गेले. निम्म्या खळग्यांत माणसाचं प्रथिन, निम्म्यांत नुसतं पाणी. तीन दिवसांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. पाण्याच्या खळग्यांत पेशी सुट्या, मरगळलेल्या. प्रथिनाच्या खळग्यांत द्राक्षांच्या घडासारखे गुच्छ. माणसाची हाक गोऱ्ह्याला ऐकू आली होती. जंतूनं बनवलेली हाक, माणसाची, आणि ऐकणारा गोऱ्हा! तिघांतल्या कुणीही कुणाला आडनाव विचारलं नव्हतं.

विभागप्रमुख स्वतः आले. भिंगाला डोळा लावून बराच वेळ उभे राहिले.

"मोजलंस की अंदाजानं?"

"मोजलं. तुम्हीही मोजा, सर."

हे मी जरा उर्मटपणेच म्हणालो. त्यांनी स्टूल ओढलं आणि खरंच मोजलं, खळगा न् खळगा, ओठ हलवत. त्यांचा आकडा माझ्यापेक्षा जास्त आला. मी एक रकाना मोजायचाच सोडला होता. आयुष्यात प्रथमच माझी चूक माझ्या विरोधकानं माझ्या बाजूनं दुरुस्त केली. साहेबांनी आपल्या खोलीत नेऊन खणातून तो टाइप केलेला अर्ज काढला आणि माझ्यासमोर धरला.

"घे. फाडून टाक. विषय तुझाच."

"फाडत नाही, सर. फाइलीत लावा. वर लिहा, विद्यार्थ्यानं सही करण्यास नकार दिला."

"कशाला रे आता?"

"पुढं कुणासाठी तरी असाच अर्ज टाइप होईल. त्यानं फाइल उघडली तर त्याला दिसू दे, की नकार देता येतो."

साहेबांनी अर्ज आपल्याकडं ओढला. वाटलं, आता समिती, संक्रांत, सगळंच गेलं. पण त्यांनी पेन उघडलं, वर तेवढं वाक्य लिहिलं, तारीख घातली आणि अर्ज फाइलीत लावला. मी या वेळी दार नीट पाहून उघडलं.

बाहेर आलो तेव्हा छाती इतकी फुगली होती की सदऱ्याची बटणं मोजावी लागली असती. व्हरांड्यात मामा उभे. हातात तुटका कासरा, धोतराला कुसळं, श्वास लागलेला. आता हा माणूस आपल्याला 'डाक्टरसायब' म्हणणार, अशी माझी खात्री झाली. मी हसून पुढं झालो.

"ओ डाक्टर," मामा म्हणाले, "सकाळी रगत काढून गोठ्याचं फाटक तसंच उघडं टाकून आलाव. गोऱ्हा ज्वारीवाल्यांच्या प्रयोगाच्या वावरात शिरून धा वळी खाऊन बसलाय, तीन वर्साचं बी होतं म्हनं ते. पालमला माझी लेक दिली हाय, तुमच्या वस्तीतली समदी मानसं मी वळखतो. मास्तर हाय, कंडक्टर हाय, नर्सबाई हाय, एकापरीस एक शानी. तुमीच एकटे असे येडे कसे निपजलाव?"